कॅमेरा बदलताना: चालू काम न अडवता नव्या बॉडीवर कसं जायचं

पैसे घेऊन फोटो काढणाऱ्यासाठी कॅमेरा बदलणं दुकानात संपत नाही. नवी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, हातात आल्यावर कार्डं, बॅटऱ्या, फ्लॅशचे ट्रिगर, कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर आणि बोटांना लागलेल्या सवयी, हे सगळंच हलतं. त्यातलं काय हलणार आहे हे आधी माहीत असेल, तर महिनाभरात सगळं जागेवर बसतं. माहीत नसेल, तर क्लायंटसमोर उभं राहून मेन्यू चाळावा लागतो.

मी समारंभ, रंगमंचावरचे कार्यक्रम आणि पोर्ट्रेट अशी कामं करते आणि डीएसएलआरवरून (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावरून) मिररलेसवर (बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर) आले आहे. पहिल्यांदाच अपग्रेड करणाऱ्यांसाठी हा लेख लिहिते आहे. 'कोणता कॅमेरा घेऊ?' याचं उत्तर यात नाही, कारण ते तुमच्या कामावर अवलंबून आहे. ते उत्तर शोधायचं कसं आणि कोणत्या क्रमाने पुढे जायचं, तेवढं सांगते.

सुरुवातीलाच एक तारीख ठरवा: नव्या कॅमेऱ्यावर पहिलं पैशाचं काम कधी करणार. तिथून मागे मोजत या. खरेदी आणि त्या कामाच्या मध्ये किमान तीन-चार आठवडे हवेत. सीझन तोंडावर आला असेल, तर तो जुन्या कॅमेऱ्यावर काढा आणि मग बदला.

## १. आधी बाद केलेले फोटो उघडा

नव्या कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू बघण्याआधी स्वतःची हार्ड डिस्क उघडा. गेल्या पाच-सहा कामांत तुम्ही निवडीतून काढून टाकलेले फोटो एकत्र करा आणि प्रत्येक फोटो का बाद झाला, त्यानुसार वेगळे करा. माझ्याकडे साधारण असे गठ्ठे पडतात:

- फोकस डोळ्यावर नाही, कानावर किंवा मागच्या माणसावर गेला
- समोरचा माणूस हलला, शटर स्पीड कमी पडला
- अंधारात नॉइज इतका की चेहऱ्याचा पोत गेला
- क्षण हुकला, कारण बफर (फोटो तात्पुरते साठवणारी आतली जागा) भरला होता आणि कॅमेरा कार्डावर लिहीत बसला होता
- प्रकाश वाईट, चौकट चुकली, चेहऱ्यावरचे भाव नाहीत

शेवटचा गठ्ठा सगळ्यात मोठा असेल, तर थांबा. त्यातलं काहीही नव्या बॉडीने सुधारत नाही. फोकसचा गठ्ठा मोठा असेल, तर मिररलेसमधल्या डोळे ओळखणाऱ्या ऑटोफोकसचा तुम्हाला खरोखर मोठा उपयोग आहे. गेल्या काही वर्षांत कॅमेऱ्यांत जे बदललं, त्यातलं रोजच्या कामाला सगळ्यात जास्त लागलेलं हेच, असं माझं मत आहे. सेन्सरमधली सुधारणा त्यामानाने सावकाश चालली आहे.

एक उदाहरण जवळून बघू. रंगमंचावरच्या नृत्याचे फोटो. नर्तिका मध्यभागी असताना चेहरा छान येतो. ती कडेला सरकली, की प्रकाश झपकन उतरतो. जुन्या कॅमेऱ्यात फोकसचे पॉइंट मध्यभागी दाटीने असायचे, त्यामुळे कडेच्या चेहऱ्यावर फोकस धरायचा तर मध्ये लॉक करून चौकट हलवावी लागे. तेवढ्यात ती अर्धं पाऊल पुढे आलेली असे. फोटो मोठा करून पाहिला, की फोकस मागच्या पडद्याच्या चुणीवर. हे फोटो आयएसओमुळे गेलेत असं मला बरीच वर्षं वाटत होतं. गठ्ठे केल्यावर दिसलं, की नॉइज चालण्यासारखा होता, फोकसच पोचत नव्हता. कॅमेरा निवडताना मग मी मेगापिक्सेलच्या रकान्याकडे बघितलंही नाही.

लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आयएसओ आणि फोकल लेंग्थनुसार फोटो गाळता येतात. वर्षभराचे निवडलेले फोटो असे गाळून बघा. तुम्ही सर्वाधिक कोणत्या लेन्सवर आणि कोणत्या आयएसओवर काम करता, ते त्यातून स्वच्छ दिसतं. आपला अंदाज बहुतेक वेळा वेगळाच असतो.

## २. बॉडी, लेन्स की लाइट?

हे थोडक्यात. किट लेन्सचं (कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या लेन्सचं) तोंड लांबच्या टोकाला बहुधा एफ/५.६ वर थांबतं. एफ/२.८ ची लेन्स त्याच्या चौपट प्रकाश आत घेते, म्हणजे पूर्ण दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). क्रॉप सेन्सरवरून फुल फ्रेमवर गेल्याने मिळणारा फायदा साधारण एका स्टॉपहून थोडा जास्त असतो: फुल फ्रेम ३६ × २४ मिलिमीटर, तर निकॉन-सोनीचा क्रॉप सेन्सर अंदाजे २३.५ × १५.६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळात सव्वादोन पटींहून थोडा जास्त फरक. तेव्हा अंधारातले फोटो हीच तुमची अडचण असेल आणि तुम्ही अजून किट लेन्सवर असाल, तर पहिला खर्च लेन्सवर करा. चांगली लेन्स दोन-तीन बॉड्यांना पुरून उरते.

पोर्ट्रेट निस्तेज येत असतील, तर एक फ्लॅश, एक छत्री आणि स्टँड. बॉडीचा विचार त्यानंतर.

## ३. माउंट ठरवा, मग मॉडेल

नवखी मंडळी मॉडेलपासून सुरुवात करतात. खरा निर्णय माउंटचा, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते त्या जोडाचा असतो, कारण पुढची दहा वर्षं तुम्ही त्याच माउंटच्या लेन्स घेणार आहात.

कॅननचा ईएफ माउंट १९८७चा, निकॉनचा एफ माउंट त्याहून जुना, १९५९चा. दोन्ही कंपन्यांनी २०१८मध्ये मिररलेससाठी नवे माउंट आणले, कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड. सोनीचा ई माउंट २०१०पासून आहे आणि त्यावरचा पहिला फुल फ्रेम कॅमेरा, ए७, २०१३मध्ये आला. कॅनन आणि निकॉनने शेवटचे नवे डीएसएलआर २०२०मध्ये काढले. जुने डीएसएलआर आजही उत्तम फोटो काढतात, पण नव्या लेन्स मिररलेससाठीच येत आहेत, हे धरून चाला.

जुन्या लेन्स नव्या बॉडीवर कशा चालतात, हे एकदा समजून घेतलं की अर्धा गोंधळ संपतो. डीएसएलआरमध्ये आरसा मावावा म्हणून लेन्स आणि सेन्सर यांच्यात जास्त अंतर ठेवलेलं असतं: कॅनन ईएफमध्ये ४४ मिलिमीटर, निकॉन एफमध्ये ४६.५. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून हे अंतर कमी: आरएफमध्ये २०, झेडमध्ये १६, सोनी ई मध्ये १८. हा मधला फरक भरून काढणारी नळी म्हणजे अ‍ॅडॅप्टर. त्यात काच नसते, त्यामुळे फोटोच्या दर्जाला धक्का लागत नाही. उलटी वाट मात्र बंद आहे. मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर बसवून काम करता येत नाही, कारण ती सेन्सरच्या तेवढी जवळ नेताच येत नाही. म्हणजे जुना कॅमेरा सेकंड बॉडी म्हणून ठेवणार असाल, तर नव्या लेन्स त्याच्या कामाच्या नाहीत.

इथे तीन ठिकाणी लोक फसतात.

निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स. या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. डीएसएलआरच्या बॉडीतली मोटर स्क्रूने त्या फिरवते. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्ये ती मोटर नाही. लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. तुमच्या बॅगेत अशा किती लेन्स आहेत ते आधी मोजा. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर पहिल्यापासून लेन्समध्येच असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही.

क्रॉप सेन्सरची लेन्स फुल फ्रेमवर. बॉडी आपोआप चौकट कापते. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा मग साधारण १० मेगापिक्सेलचा उरतो, कॅननमध्ये त्याहून थोडा कमी. तात्पुरतं चालेल, पण 'माझ्याकडे लेन्स आहेतच' या हिशोबात ही लेन्स धरू नका.

दुसऱ्या कंपनीच्या जुन्या लेन्स. कंपनीच्या स्वतःच्या लेन्स अ‍ॅडॅप्टरवर चांगल्या चालतात. इतर कंपन्यांच्या जुन्या लेन्सचं तसं ठामपणे सांगता येत नाही. काहींना फर्मवेअर अपडेट लागतं, काही फोकस करताना अडखळतात. तुमची नेमकी लेन्स तुमच्या नेमक्या बॉडीवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ब्रँडच बदलायचा विचार असेल, तर कागद घ्या आणि लेन्स, फ्लॅश, ट्रिगर, बॅटऱ्या, चार्जर, रिमोट, सगळं लिहून काढा. त्यापुढे नव्या ब्रँडमधली पर्यायी वस्तू लिहा. ही यादी पूर्ण केल्यावर बरेच जण आहे त्याच ब्रँडमध्ये राहतात. मीही राहिले आणि मला तो निर्णय आजही पटतो.

## ४. मेगापिक्सेल: लागतील तेवढेच

२४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० पिक्सेल. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) छापलं तर २० × १३ इंचांचा प्रिंट निघतो. ४५ मेगापिक्सेलमध्ये हाच प्रिंट साधारण २७ × १८ इंचांचा होतो. आकडा जवळजवळ दुप्पट झाला, पण लांबी वाढली दीडपटीहूनही कमी. भिंतीवरचा मोठा प्रिंट लोक दोन हात लांबून बघतात, त्याला ३०० पीपीआयसुद्धा लागत नाही.

उत्पादनांचे बारीक तपशील, निसर्गचित्रं, पक्षी किंवा भरपूर कापाकापी करावी लागणारं काम असेल, तर जास्त मेगापिक्सेल जरूर घ्या. समारंभ आणि रंगमंचासाठी २४ पुरतात. कारण डिस्कवर दिसतं: २४ मेगापिक्सेलची लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉ फाइल २५ ते ३० एमबीची, तर ४५ मेगापिक्सेलची ५० एमबीच्या आसपास. एका समारंभाचे २००० फोटो धरा. पहिल्या कॅमेऱ्यात ५०-६० जीबी, दुसऱ्यात १०० जीबी. आणि बॅकअप धरून ते दोनदा.

शिवाय जास्त मेगापिक्सेल हाताची थरथरही जास्त दाखवतात. १०० मिलिमीटर लेन्सला १/१०० सेकंद पुरतो, हा जुना नियम ४५ मेगापिक्सेलवर १००% मोठं करून पाहिलं तर पुरत नाही, १/२०० धरा. ठरवायची सोपी कसोटी सांगते: तुमचा क्लायंट आजवर 'फोटो मोठा करता येत नाही' असं म्हणाला आहे का? नसेल म्हणाला, तर हा खर्च दुसरीकडे वळवा.

## ५. बॉडीच्या किमतीत न दिसणारा खर्च

बजेट ठरवताना सगळा पैसा बॉडीला लावू नका. खालच्या गोष्टी आधी वजा करा.

कार्डं. एसडी कार्डाच्या यूएचएस-१ प्रकाराची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, यूएचएस-२ची ३१२ एमबी. यूएचएस-२ कार्डाच्या मागे पिनांची दुसरी ओळ असते, त्यावरून ते ओळखा. कार्डावरच्या मोठ्या अक्षरातल्या वेगावर जाऊ नका, तो बहुतेक वाचण्याचा असतो. व्ही३०, व्ही६०, व्ही९० यातला आकडा सलग लिहिण्याचा किमान वेग सांगतो. काही कॅमेऱ्यांना सीएफएक्सप्रेस लागतं आणि त्यातही ए आणि बी हे दोन वेगळ्या आकारांचे प्रकार आहेत. रीडरही त्याच प्रकारचा हवा. दोन स्लॉटमध्ये एकाच वेळी लिहीत असाल, तर कॅमेरा हळू कार्डाच्या चालीने चालतो, म्हणून एक भारी आणि एक जुनं कार्ड अशी जोडी लावू नका.

बॅटऱ्या. मिररलेसमध्ये सेन्सर आणि व्ह्यूफाइंडर सतत चालू राहतात. डीएसएलआरमध्ये एका बॅटरीवर दिवस निघायचा, इथे निघेलच असं नाही. पूर्ण दिवसाच्या कामाला मी तीन बॅटऱ्या किमान मानते, आणि कंपनीच्याच. ब्रँड तोच असेल, तर जुन्या बॅटऱ्या चालतात का बघा. अनेकदा त्याच आकाराच्या असतात, पण नव्या बॉडीचा पूर्ण वेग त्यांच्यावर मिळेलच असं नाही.

फ्लॅश आणि ट्रिगर. टीटीएल (फ्लॅशचा उजेड आपोआप ठरवण्याची पद्धत) प्रत्येक ब्रँडचं वेगळं असतं. ब्रँड बदलला तर स्टुडिओचे लाइट बहुधा तेच राहतील, पण कॅमेऱ्यावरचा ट्रिगर नवा लागेल.

सॉफ्टवेअर. ही अडचण सगळ्यात उशिरा लक्षात येते. नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. एकदाच पैसे भरून घ्यायचं लाइटरूम ६ अजून वापरणारे पुष्कळ आहेत. त्यात नव्या कॅमेऱ्यांची भर २०१७च्या अखेरीस थांबली. अ‍ॅडोबीचं डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, त्यातून फाइल बदलून घेता येते, पण दर कामाला तेवढा वेळ जास्त जातो. खरेदीआधी त्या मॉडेलची नमुना रॉ फाइल मिळवा आणि तुमच्या कॉम्प्युटरवर उघडून, रंग-उजेड बदलून, जेपेग काढून बघा. कॉम्प्युटर दमतो का तेही त्यातच कळेल.

## ६. भाड्याने घ्या, आणि आपल्याच उजेडात तपासा

शक्य असेल तर दोन दिवस तोच कॅमेरा भाड्याने घ्या. दुकानातल्या लखलखाटात कुठलाही कॅमेरा चांगलाच वाटतो. तुम्ही ज्या उजेडात काम करता तिथे न्या. सोबत तुमची सगळ्यात जास्त वापरली जाणारी लेन्स आणि तुमचा फ्लॅश.

बघायचं ते हे: करंगळी पकडीवर टेकते का, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का, आयएसओ आणि फोकस पॉइंट डोळा न हलवता बदलता येतात का. चालत येणाऱ्या माणसाचे सलग फोटो काढा आणि डोळ्यावर फोकस किती वेळा बसला ते मोजा.

एलईडी दिव्यांखाली सायलेंट शटर नक्की लावून बघा. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये बहुतेक सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचले जातात. दिवे तेवढ्यात चालू-बंद होत असतात. ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झवर १२० वेळा आणि मंचावरचे काही एलईडी त्याहून कितीतरी भरभर. परिणाम म्हणून फोटोवर आडवे काळे पट्टे येतात आणि ते एडिटिंगमध्ये नीट जात नाहीत. निकॉन झेड९सारख्या भरभर वाचणाऱ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत हा त्रास बराच कमी असतो, आणि २०२३मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ III मध्ये तर सगळा सेन्सर एकदम वाचला जातो. मधल्या श्रेणीच्या बॉडीत मात्र मेकॅनिकल शटर हाताशी हवंच. मंचाचं काम करणाऱ्याने हे तपासल्याशिवाय बॉडी घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन.

## ७. खरेदीच्या दिवशी

नवा घ्या किंवा वापरलेला, ही कागदपत्रं हवीत:

- सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल
- वॉरंटी कार्ड, त्यावर विक्रेत्याचा शिक्का आणि तारीख
- वापरलेला असेल तर पहिल्या मालकाचं मूळ बिल आणि त्याने दिलेली विक्रीची लेखी पावती
- विमा काढायचा असेल तर बिलाची प्रत आणि सीरियल नंबरचा फोटो

बॉडीच्या तळाचा नंबर, खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर तिन्ही जुळले पाहिजेत. वॉरंटी तुमच्या देशात लागू आहे का, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. बाहेरच्या बाजारातून आणलेल्या मालाची दुरुस्ती अनेकदा अडते.

वापरलेल्या बॉडीचा शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा) बघा. निकॉन डी७५०चं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे, डी८५०चं दोन लाखांसाठी. त्याआधीही शटर जाऊ शकतं आणि त्यानंतरही चालत राहू शकतं, पण भाव करताना हा आकडा उपयोगी पडतो. निकॉनच्या फाइलमध्ये तो लिहिलेला असतो. इतर काहींमध्ये सर्व्हिस सेंटरकडून काढून घ्यावा लागतो.

मग या तपासण्या, दहा मिनिटांत होणाऱ्या:

1. लेन्स एफ/१६वर, फोकस विस्कटलेला, पांढऱ्या कागदाचा फोटो. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते. ओरखडा मात्र जात नाही.
2. लेन्सला झाकण लावून काही सेकंदांचं एक्स्पोजर. रंगीत चमकते ठिपके मोजा.
3. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवून समोरून फोटो. चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखीच स्पष्ट हवीत. एकच कोपरा धूसर असेल तर लेन्स वाकडी बसली आहे, किंवा माउंटला मार लागला आहे.
4. मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. ती लेन्स घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.
5. दोन्ही कार्ड स्लॉट, प्रत्येक बटण, हॉट शू, चार्जिंग.

## ८. पहिल्या आठवड्यातल्या सेटिंग्ज

यातल्या बऱ्याच गोष्टी पुस्तिकेत विखुरलेल्या असतात. मी हा क्रम ठेवते.

फर्मवेअर अपडेट करा. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कॉपीराइटमध्ये नाव घाला. दोन स्लॉट असतील तर दुसरा बॅकअपवर ठेवा. काही कॅमेऱ्यांत 'ओव्हरफ्लो' (पहिलं कार्ड भरलं की दुसऱ्यावर) ही मूळ सेटिंग असते, तिच्यात दुसरी प्रत होत नाही.

कॅमेऱ्याचं घड्याळ जुन्या कॅमेऱ्याशी सेकंदापर्यंत जुळवा. दोन बॉड्यांचे फोटो एका समारंभात मिसळले आणि घड्याळात तीन मिनिटांचा फरक असला, की फोटोंचा क्रम लागत नाही: केक कापून झाल्यावर मेणबत्ती पेटते. फाइलच्या नावाची सुरुवातीची अक्षरंही दोन्ही कॅमेऱ्यांत वेगळी ठेवा. आकडे ९९९९नंतर पुन्हा ०००१वर येतात, आणि एकाच नावाच्या दोन फाइल एका फोल्डरमध्ये आल्या तर एक पुसली जाण्याचा धोका असतो.

फ्लॅशवाल्यांसाठी महत्त्वाचं: मिररलेसचा व्ह्यूफाइंडर एक्स्पोजर जसं येणार तसंच दाखवतो. स्टुडिओत एफ/८, १/१६०, आयएसओ १०० लावलं की व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट होतो, कारण फ्लॅश अजून उडालेला नसतो. कॅमेरा बिघडला असं वाटून अनेक जण घाबरतात. मेन्यूत एक्स्पोजर सिम्युलेशन बंद करण्याची सोय असते, ते बंद करा आणि एका बटणाला लावून ठेवा. फ्लॅश उडतच नसेल तर आधी सायलेंट शटर चालू राहिलंय का ते बघा. बहुतेक बॉड्यांत सायलेंट शटरवर फ्लॅश चालत नाही.

अँटी-फ्लिकर चालू ठेवा. फोकसचं बटण, आयएसओ आणि डोळा ओळखण्याची सोय जुन्या कॅमेऱ्यात जिथे होती, शक्यतो तिथेच लावा. सगळं मनासारखं झालं की सेटिंग्जची फाइल कार्डावर साठवून कॉम्प्युटरवर ठेवा. दुरुस्तीहून कॅमेरा परत येतो तेव्हा अनेकदा सगळं पुसलेलं असतं.

## ९. काही दिवस दोन्ही कॅमेरे बरोबर

पहिल्या पैशाच्या कामाला मुख्य कॅमेरा जुनाच ठेवा आणि नवा दुसऱ्या खांद्यावर. जे क्षण परत येणार नाहीत, ते जुन्यावर. निवांत पोर्ट्रेट, सजावट, पाहुण्यांचे गट नव्यावर. दुसऱ्या-तिसऱ्या कामाला अदलाबदल करा.

याच काळात रंग जुळवायचे असतात. दोन कॅमेरे एकाच चेहऱ्याचा रंग वेगळा दाखवतात, एकच कंपनी असली तरी. एकाच उजेडात, एकाच लेन्सने, ग्रे कार्ड हातात धरलेल्या माणसाचा फोटो दोन्ही कॅमेऱ्यांनी काढा. व्हाइट बॅलन्स कार्डावरून जुळवा आणि मग त्वचेकडे बघा. उरलेला फरक लाल-नारिंगी रंगात असतो. तेवढा बदल नव्या कॅमेऱ्याचा प्रीसेट म्हणून साठवा आणि फाइल आत घेतानाच लावा. उन्हाचा एक आणि दिव्यांचा एक, असे दोन प्रीसेट पुरतात. जुने प्रीसेट नव्या फाइलवर तसेच लावले तर चेहरे पिवळट नाही तर गुलाबी दिसतात, आणि सवयीने आपल्याला ते लवकर कळतही नाही. दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

## १०. जुन्याचं काय करायचं

एकट्याने काम करत असाल तर विकू नका. पैसे घेऊन काम करणाऱ्याकडे दोन बॉड्या असायलाच हव्यात, आणि तुमचा हात बसलेला, खोडी माहीत असलेला कॅमेरा हीच उत्तम दुसरी बॉडी.

विकायचाच असेल, तर नव्यावर तीन-चार कामं नीट पार पडल्यावर विका. आधी कार्डं काढा, सगळ्या सेटिंग्ज मूळ स्थितीवर आणा. त्यात वायफायचे पासवर्ड, मोबाइलची जोडणी आणि कॉपीराइटमधलं नाव खरंच पुसलं गेलं का, हे मेन्यूत जाऊन बघा, कारण काही कॅमेऱ्यांत त्यासाठी वेगळे रीसेट असतात. शटर काउंट स्वतःहून सांगा. चार्जर, बॉडी कॅप, मूळ खोकं आणि बिल बरोबर द्या, विक्रीच्या पावतीवर सीरियल नंबर आणि तारीख लिहा, घेणाऱ्याची सही घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. विमा काढलेला असेल, तर त्याच दिवशी त्यातून जुनी बॉडी काढून नवीचा नंबर घाला.